उल्हाससरांचा कडेकोट बंदोबस्त

२०२३ सालच्या नोव्हेंबरात पुण्याचा एक हॉकी क्लब पाच-पाच खेळाडूंच्या स्पर्धेसाठी सिंगापूरला आला आणि थेट अंतिम सामन्यात पोचला. प्रशिक्षक उल्हाससरांच्या तोंडचं पाणी मात्र पळालं होतं. आदल्या वर्षी परगावी अंतिम सामन्याच्या आधी पोरं रात्रभर नाचली होती आणि सकाळी हरली होती. क्लबाने बजावलं होतं, "पुन्हा असं झालं, तर तुम्ही घरी बसा." पंचवीस वर्षं गळ्यात अडकवलेली शिट्टी जायची वेळ आली होती.

त्यांनी सिंगापुरातच, क्लेमेंटीत राहणाऱ्या थोरल्या बहिणीला, शैलाताईंना, फोन केला.

"ताई, आमचं हॉटेल क्लार्क कीला आहे. खाली रात्रभर नाचाचे क्लब, नुसता धांगडधिंगा. शनिवारी संध्याकाळी माझी नऊ पोरं तुझ्याकडे डांबून ठेव."

"डांबून कशाला? जेवायलाच आण. शाळेत होतास तेव्हा तुझी अख्खी टीम माझ्या पुरणपोळ्या खाऊन जायची."

"हलकं कर हं. वरणभात पुरे."

"पोरं पहिल्यांदा घरी येणार आणि मी वरणभातावर बोळवण करू? काहीतरीच तुझं, उल्ह्या!"

शनिवारी पाच वाजता फ्लॅटमध्ये पंगत बसली. तिसऱ्या पोळीला रुचिर या सर्वांत चपळ खेळाडूने ताटावर हात आडवा धरला.

"हात काढ, नाहीतर हातावर वाढीन," शैलाताई म्हणाल्या आणि हातावरच वाढली. वर तूप.

"आजी, दे सो फुल ऑलरेडी लाह!" नात श्रिया तिच्या सिंगापुरी इंग्रजीत कळवळली.

"गप्प बस. लाजतायत ती."

तेवढ्यात जवळच्याच बुओना व्हिस्टाहून शैलाताईंच्या मैत्रिणीचा, प्रणिताचा, फोन आला. मराठी मंडळाच्या ग्रुपवर तिने पंगतीचा फोटो पाहिला होता.

"शैलाताई, आम्ही काय परके? श्रीखंड करून बसलेय मी. आला नाहीत तर कायमची कट्टी."

वीस वर्षांची मैत्री मोडायची कशी? सगळे गेले. तिथे मंडळातलीच नीलिमा बुकित बातोकहून बासुंदीचं पातेलं घेऊन आधीच हजर होती. "तिचं श्रीखंड खाल्लंत आणि माझी बासुंदी नको?" असं तिने विचारल्यावर उल्हाससरांनाच पहिली वाटी तोंडाला लावावी लागली.

नऊला पोरं हॉटेलात परतली. सर पहाऱ्यासाठी खुर्ची टाकून दारापाशी बसले आणि पाचव्या मिनिटाला घोरू लागले.

सकाळी आठला समोरचा ऑस्ट्रेलियन संघ काळे चष्मे लावून, जांभया देत मैदानात उतरला. सर आठवड्यात पहिल्यांदा हसले. मग त्यांना रुचिरच्या मनगटावर निळा शिक्का दिसला. नाचाच्या क्लबात शिरताना मारतात तो.

"हे काय रे?"

"सर, झोपलो की श्रीखंड वर यायचं. तीन तास नाचलो, तेव्हा कुठे श्वास घेता आला."

"बाकावर बस! पुण्याला पोचलास की तुझं नाव कमी."

मध्यंतराला पुणे दोन गोलांनी मागे होतं. गोलकीपरला वाकता येत नव्हतं.

"विक्रांत, धाव!" सर आघाडीच्या खेळाडूवर ओरडले.

"धावतोय की सर!" विक्रांत उभ्या जागेवरून म्हणाला.

सरांनी शिट्टी चाचपली. घाम पुसला. घड्याळ पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"रुचिर, ऊठ. मनगटावर पट्टी बांध आणि जा."

रुचिरने दोन गोल फेडले. शेवटचं मिनिट उरलं असताना चेंडू जांभई देणाऱ्या बचावपटूच्या पायांमधून निघाला आणि तिसराही झाला.

सरांची नोकरी टिकली. अहवालात त्यांनी 'शिस्तीचा विजय' असं लिहिलं. रुचिरला क्लबाकडून अभिनंदनाचं आणि महिनाभराच्या बंदीचं अशी दोन पत्रं मिळाली. दोन्हींवर सही सरांचीच. विक्रांतने पुढचे दोन महिने गोड सोडलं. प्रणिता आणि नीलिमा अजून एकमेकींशी धड बोलत नाहीत, कारण तीन गोल श्रीखंडाचे की बासुंदीचे हे ठरलेलं नाही.

पुढच्या वर्षीच्या सिंगापूर दौऱ्यात नवा नियम आला: दहापर्यंत कुठेही भटका, पण नातेवाइकांच्या घरी पाऊल ठेवायचं नाही. शैलाताईंनी फोन केला, "टीमला राहू दे. तू एकटाच ये."

उल्हाससर गेले. दुसऱ्या दिवशी पोरं पुन्हा जिंकली. चषक घ्यायला सरांना बोलावलं, तर त्यांना बाकावरून उठताच येईना.