तानूबाई टिटवी कोणत्या देशाची?

एका जंगलात, बाळांनो, एक नदी होती आणि त्या एका नदीला दोन देश होते. या काठाला अलतीर, त्या काठाला पैलतीर. अलतीरचे राजे धुंडिराज गवे. पैलतीरचे राजे भालेराव अस्वल. दोघांना काळजी एकच. आपण समोरच्यापेक्षा बरे आहोत ना?

हल्ली नदीचं डोकं ठिकाणावर नव्हतं. पावसाळ्यात ती आटायची आणि भर उन्हाळ्यात फुगायची. नदीतल्या वाळूच्या बेटावर तानूबाई टिटवी राहायची. गेल्या वर्षी अवेळी पाणी आलं आणि तिची सगळी अंडी वाहून गेली. म्हणून यंदा अंडी घालायच्या आधीच ती अलतीरच्या दरबारात गेली.

"महाराज, मला जरा उंचावर जागा द्या."

"अगं, त्यासाठी आमच्याकडे स्वतंत्र खातं आहे!" धुंडिराज म्हणाले. "उंच जागांचं धोरणसुद्धा तयार आहे."

"मग जागा कुठे आहे?"

"धोरणात," खात्याचे मंत्री साळिंदर म्हणाले.

तानूबाई पैलतीरला गेली. भालेराव मध चाटत होते.

"खातंबितं हवंय कशाला? नदी आपली आई आहे."

"आईनं माझी पोरं नेली, महाराज."

"वाईट झालं. पण अलतीरचा काठ आपल्यापेक्षा सखल आहे, हे विसरू नकोस. आधी ते बुडतील!"

दरबारात टाळ्या पडल्या.

तानूबाई घरी आली आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, यंदा आपण काळ्या खडकावर जाऊ."

नवऱ्याचं नाव दगडू. तो दचकला. "खडकावर? आपल्या घराण्यात कुणी वाळू सोडलीय का?"

"वाळूत काय झालं, ते पाहिलंत ना?"

दगडू तिच्यामागून उडाला.

काळा खडक पात्राच्या कडेला उंच उभा होता. तो कोणत्याच देशाचा नव्हता, कारण कुणालाच नको होता. दुपारी असा तापायचा की अंडी उबायच्या ऐवजी शिजायचीच. मग दोघांनी पाळ्या लावल्या. एकानं पंखांची सावली धरायची. दुसऱ्यानं नदीत पोट भिजवून यायचं आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसायचं. दगडू रोज कुरकुरला, पण एकही पाळी चुकवली नाही.

एके दुपारी पाणी आलं. बेट गेलं. अलतीरचं खातं गेलं, पाठोपाठ धोरण गेलं. पैलतीरचा दरबार झाडांवर चढला आणि तिथून अलतीर बुडाल्याच्या टाळ्या वाजवू लागला. पाणी खडकावर चढत चढत तानूबाईच्या पायांना लागलं. दगडू ओरडला, "उड गं!" ती उठली नाही. डोळे मिटून बसून राहिली. हळूहळू पाणी उतरलं.

मग पंडित शुभ्रकांत बगळे आले. कोणता देश किती तयार आहे ते तपासून ते क्रमांक लावत.

"पुरात काही वाचलं का?" त्यांनी विचारलं.

दोन्ही राजांनी खडकाकडे बोट दाखवलं.

"ती आमची! आमच्या धोरणाची पहिली लाभार्थी!" धुंडिराज म्हणाले.

"खोटं! तिला धीर आम्ही दिला!" भालेराव गरजले.

पंडितांनी एक पाय वर घेऊन विचार केला आणि पहिला क्रमांक दोघांना विभागून दिला. राजांनी एकमेकांना मिठी मारली. या यशाची आठवण म्हणून त्याच खडकावर दोघांचं मिळून एक भवन बांधायचं ठरलं.

"तानूबाई, जरा सरकता का?" साळिंदर अदबीनं म्हणाले. "खाली वाळूवर आता भरपूर जागा झालीय."

सकाळीच अंडी फुटली होती. पिल्लं काटक्यांसारख्या पायांवर धडपडत उभी राहत होती. तानूबाईनं दोन्ही राजांकडे एकदा पाहिलं, पिल्लांना पुढे घातलं आणि ती डोंगराच्या वाटेला लागली.

"अहो, चाललात कोणत्या देशात?" पंडितांनी मागून हाक मारली.

"उंचावर!" दगडूनं वळूनही न बघता सांगितलं.

पंडित खूश झाले. दोन्ही देशांचे स्थलांतराचे गुणही त्यांनी वाढवून दिले.

तात्पर्य: संकट येण्याआधी आपली सोय आपणच करावी. त्याशिवाय सरकारचा नंबर वर जात नाही.