गाडीला बाहेरून काय लावायचं?

गाडी आतून तयार होती. पलंग झाला होता, ओटा झाला होता, भांडी वाटेत नाचू नयेत म्हणून कप्प्यांना कड्याही लागल्या होत्या. आता बाहेरून काय लावायचं, एवढंच ठरवायचं राहिलं होतं. पण ‘एवढंच’ हा शब्द गंजसरांच्या घरात जरा जपूनच वापरावा लागे.

गंजसर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. धातू कसे गंजतात यावर त्यांनी डॉक्टरेट मिळवली, पुढे जन्मभर तेच शिकवलं आणि विद्यार्थ्यांनी त्याचं फळ म्हणून हे नाव दिलं. कुठलाही रंग समोर आला की सरांना आधी त्याचं मरण दिसे. स्प्रे पेंट? पोपडे येणार. खरबरीत रबरी लेप? त्याच्याखाली पाणी मुरणार. चिकटवायची फिल्म? उन्हानं कडा सुटणार. (लग्न ठरताना ‘मुलगी पसंत आहे’ हे कळवायला त्यांनी इतका वेळ घेतला, की शेवटी मुलीनंच दोन्ही बाजूंचा होकार कळवून टाकला.)

बरं, गाडी तशीच ठेवायचीही सोय नव्हती. ती पूर्वी एका लाँड्रीची होती. दोन्ही बाजूंवर निळ्या ठसठशीत अक्षरांत ‘कोणताही डाग, हमखास साफ!’ असं लिहिलेलं. सिग्नलला थांबलं की लोक काचेवर टकटक करून भाव विचारत. एकदा तर दुकानातून परत येईपर्यंत कुणीतरी मागच्या दारातून चादरींचं गाठोडं आत ठेवून गेलं होतं.

“अहो, उरका आता,” बाई म्हणाल्या. बाई म्हणजे सरांची बायको. शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे आवाज मैदानाच्या मापाचा. “सोमवारी ताई लेकाकडे निघाली. परदेशी, कायमची. त्याआधी दोघी बहिणी समुद्राकाठी जाऊन राहू, म्हणून तर गाडी घेतली ना? की विमानतळावर नुसता हात हलवायला?”

“अगं, पण घाईत चुकीचं फिनिश निवडलं तर...”

“तर काय होईल?”

“दहा वर्षांत पत्रा सडेल.”

“दहा वर्षांनी आपण कुठे असू, ते सांगा आधी!”

सरांनी ‘बरं’ म्हणून मान डोलावली. पण गॅलरीत मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलेले पत्र्याचे नमुने काही त्यांनी हलवले नाहीत. (बाई त्यांना ‘पाहुणे’ म्हणत. एकदा येऊन बसले ते उठायचं नाव नाही.)

शुक्रवारी सकाळी बाईंनी फिल्म लावणाऱ्यालाच दारात आणून उभं केलं. सरांनी त्याचे सगळे तुकडे उन्हात पाहिले, सावलीत पाहिले, चष्मा लावून पाहिले, काढून पाहिले आणि कॉपी करताना सापडलेल्या पोरासारख्या आवाजात म्हणाले, “राखाडी.”

“ठरलं!” बाईंनी शिट्टी फुंकावी तसं जाहीर केलं आणि सरांच्या मनात ‘पण’ उगवायच्या आत त्या घरात निघून गेल्या.

फिल्मवाला कामाला लागला. सर बॅटरी घेऊन हळूच गाडीत शिरले. छताच्या सांध्यात गंजाचा ठिपका तर नाही ना, तेवढं बघायचं होतं. छत नीट दिसावं म्हणून ते पलंगावर आडवे झाले. निर्णय झालेला, डोक्यावरचं ओझं उतरलेलं. कैक रात्रींची झोप तिथेच येऊन गाठली.

फिल्मवाल्याच्या कानात गाणी चालू होती. आत कुणी आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. त्यानं ड्रायव्हरचं दार तेवढं सोडून उजवी बाजू आणि मागची बाजू, दारांसकट, एका अखंड ताणलेल्या फिल्मनं मढवून टाकली. दारांच्या फटी मागाहून कापायच्या, ही त्याची पद्धत.

सर जागे झाले आणि दार ढकलताच त्यांना सगळा उलगडा झाला.

“अगं! मी आत आहे!”

“कुठे आत?” घरातून बाईंचा आवाज आला.

“गाडीत!”

“मग बाहेर या की!”

“दार उघडलं तर फिल्म फाटेल! म्हणजे, फाटेलच असं नाही, पण...”

बाई धावत आल्या आणि ड्रायव्हरच्या जागेवर चढल्या. मागच्या खोलीला डावीकडून दार नव्हतं, आणि तिच्यात आणि पुढच्या सीटांत सरांनी पक्की आडभिंत घातली होती. (अपघातात पातेली डोक्यात बसू नयेत म्हणून.) त्या भिंतीला वीतभर खिडकी होती. त्या खिडकीत आता सरांचं नाक आणि अर्धा चष्मा दिसत होता.

“काका, खुशाल ढकला,” फिल्मवाला म्हणाला. “फाटली तर दुसरी लावू. तशीही डावी बाजू राहिलीच आहे. रोल संपला.”

“दुसरी म्हणजे हीच ना?” बाईंनी विचारलं.

“ही छटा आता मिळत नाही. दुसरी पसंत करावी लागेल.”

बाईंनी झटकन आडभिंतीच्या खिडकीला तोंड लावलं.

“अहो! दारापासून लांब व्हा! खबरदार हात लावाल तर!”

मग त्या फिल्मवाल्याकडे वळल्या. “कापता कधी येईल?”

“चांगली चिकटू द्या. संध्याकाळी कापा.”

“तोवर गाडी चालेल?”

“गाडीला काय झालंय? अडकलेत ते काका.”

बाईंनी किल्ली फिरवली.

“अगं, हे काय? माझे कपडे?”

“कपाटात.”

“माझी गोळी?”

“चमच्यांच्या खणात.”

“आणि वाटेत जायची वेळ आली तर?”

“ती सोय तुम्हीच बसवलीय. घरात सगळ्यात जास्त विचार तिच्यावरच झालाय.”

गाडी निघाली. सर खिडकीतून सूचना देत राहिले. मग वळण आलं, चढ आला, आणि इंजिनाच्या आवाजात त्यांना दुसरंच काही ऐकू आलं. बाई गुणगुणत होत्या. कधीपासून ऐकलं नव्हतं ते. ‘हळू चालव, कडा सुटतील,’ हे ओठांवर आलेलं वाक्य सरांनी गिळलं. (सोपं नव्हतं. तासभर घशात होतं.)

संध्याकाळी ताईंच्या दारात बाईंनी भाजीची सुरी काढली आणि दाराच्या फटीवरून एकदाच फिरवली, सर्रकन. काहीही फाटलं नाही. तोवर ताई काठी टेकत बाहेर आल्या होत्या. त्यांनी गाडीकडे धड पाहिलंसुद्धा नाही. सरळ पुढच्या सीटवर चढून बसल्या आणि पिशवी मांडीवर घेऊन म्हणाल्या, “चल गं.”

सर उतरले, आळस दिला आणि राहिलेल्या डाव्या बाजूचं काय करावं याचा विचार करत तिकडे गेले. तिथे ताईंची शेजारीण हातात ब्लँकेट घेऊन गाडीवरची निळी अक्षरं वाचत उभी होती.

“चहाचा डाग आहे,” ती म्हणाली. “जाईल ना?”

‘आम्ही लाँड्रीवाले नाही,’ एवढंच म्हणायचं होतं. पण प्रश्न समोर आला की सरांना राहवत नसे. त्यांनी चष्मा सारखा करून डाग निरखला.

“तसं नक्की सांगता येणार नाही. डाग किती जुना आहे, लोकर शुद्ध आहे की मिसळीची, हे पाहून आधी एका कोपऱ्यावर चाचणी घेऊन...”

शेजारणीनं ब्लँकेट त्यांच्या हातातून ओढून घेतलं. “गाडीवर ‘हमखास’ लिहून फिरता आणि एका चहाच्या डागाचं सांगता येत नाही? नकोच ते!”

ताईंनी पुढच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “भावोजी, गिऱ्हाईक गेलं ना? मग बसा आता. मागे.”

सर मुकाट्यानं आत चढले. आणि बाईंनी दार बाहेरून लावून घेतलं.