एकाच बटणाचा प्रल्हाद

आमच्या समोर राहणारा प्रल्हाद भेटला की नमस्कार करीत नाही, प्रकृतीची चौकशी करीत नाही, ऊन किती वाढले आहे याबद्दलही बोलत नाही. तो एवढेच विचारतो, "उघडलं का?"

हा प्रश्न त्याने भाजीच्या गाड्यावर विचारलेला मी ऐकला आहे, आणि तेराव्याच्या पंगतीत वाढप्याला विचारलेलाही ऐकला आहे. गल्लीतल्या एका नव्या जावयाला त्याने पहिल्याच भेटीत असे विचारले, तेव्हा त्या सज्जन गृहस्थाने घाईघाईने स्वतःच्या शर्टाची बटणे चाचपली होती.

प्रल्हाद मोबाईलची ॲपे तयार करतो. तो कोणाच्या नोकरीत नाही. पूर्णा जंक्शनच्या रुळांमागे आमची गल्ली आहे. तिथल्या एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीवर त्याची खोली आहे, आणि खाली गिरणीच्या जागेत टेबल, पंखा व संगणक एवढाच त्याचा कारखाना आहे. त्या प्रश्नामागचा कायदाही सांगितला पाहिजे. नव्या माणसाने केलेले ॲप स्टोअरवर घ्यायचे, तर आधी ठरावीक संख्येच्या माणसांनी ते आपापल्या फोनवर सलग दोन आठवडे ठेवून वापरावे, असा स्टोअरचा नियम आहे. मधेच कोणी काढून टाकले आणि माणसे कमी पडली, की मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजायची. त्यामुळे दरवेळी प्रल्हाद गल्लीतली माणसे गोळा करतो, आणि त्यांनी ॲप उघडले की नाही हे दारोदार पाहत हिंडतो.

मी जिल्हा न्यायालयात नाझर होतो. गल्ली मला वकीलकाका म्हणते. त्यास माझी हरकत आहे व ती मी वेळोवेळी नोंदविली आहे. प्रल्हाद मात्र पहिल्या दिवसापासून नाझरकाका म्हणतो. माझ्या मनात त्याच्याबद्दल जे काही बरे आहे, त्याची सुरुवात तिथून झाली. बाकी त्याने मला सुखाने बसू दिलेले नाही.

त्याचे पहिले तत्त्व असे की ॲपला बटण एकच पाहिजे.

"दुसरं बटन आलं की माणूस अडतंय, काका," तो म्हणतो. "एक बटन. मोठं. मधोमध. दाबलं की झालं."

"आणि चुकून दाबले तर?"

"अपडेट येईल."

हे त्याचे दुसरे तत्त्व. जगातल्या कोणत्याही तक्रारीवर त्याच्याकडे हेच उत्तर आहे. आमच्या सौभाग्यवतींनी एकदा त्याला सहज विचारले, "पल्लाद, लग्नाचं काय ठरवलास?" त्यावरही तो म्हणाला, "अपडेट येईल, काकू."

त्याचे 'शिट्टी' नावाचे ॲप गल्लीच्या अजून लक्षात आहे. फोन ओट्यावर ठेवायचा, बटण दाबायचे, आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायचे काम त्याच्यावर सोपवून बाईने दुसऱ्या कामाला लागायचे. कल्पना उत्तम होती. परंतु हे पूर्णा आहे, आणि इथे दिवसभर गाड्यांची ये-जा असते. एक्स्प्रेस भोंगा वाजवीत गेली, की ॲप दोन शिट्ट्या जमा करी. मालगाडी सिग्नलला अडकून ओरडू लागली, की घराघरांतून फोन बोलत, "झालं, उतरवा!" तो आठवडा आम्ही कच्चे वरण खाल्ले. मी सविस्तर अर्ज दिला. प्रल्हादने अपडेट आणले, आणि त्यानंतर ॲपला कुकरच ऐकू येईना. ते फक्त गाड्या मोजू लागले, आणि अचूक मोजू लागले. स्टेशनात नोकरी केलेले एक गृहस्थ ते अजून वापरतात व फार समाधानी आहेत.

माझा खरा संताप झाला तो त्याच्या गोपनीयता धोरणावर. प्रत्येक ॲपसोबत असे एक लिखाण द्यावे लागते, आणि जगात ते कोणी वाचत नाही. मी वाचले. त्याने ते कुठूनतरी जसेच्या तसे उचलले होते. त्यात स्पष्ट लिहिले होते, की वाद उद्भवल्यास तो अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या न्यायालयातच चालेल. मी कागद घेऊन तडक गिरणीत गेलो.

"प्रल्हाद, माझे वरण कच्चे राहिले तर मी दाद मागायला कॅलिफोर्नियास जाऊ?"

त्याने डोके खाजवले. "तिथं जायाला गाडी कुठून हाय, काका? मनमाडला बदलावी लागल का?"

मी घरी येऊन नवे धोरण लिहून काढले. 'सबब', 'उपरोक्त' आणि 'हक्क अबाधित राखून' हे शब्द जिथल्या तिथे घातले, आणि न्यायाधिकार पूर्ण्याकडे आणला. प्रल्हादने ते एक अक्षरही न बदलता लावले. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक ॲपचे धोरण मीच लिहितो.

मग 'पोचलो' आले.

यातही बटण एकच. सुरुवातीला आपल्या आवाजात एकदा "पोचलो" म्हणायचे आणि ज्याला कळवायचे त्याचे नाव भरायचे. पुढे कुठेही गेलात, की पोचल्यावर बटण दाबायचे. घरच्या माणसाचा फोन आपल्या आवाजात मोठ्याने ओरडतो, "पोचलो!" वाचायला नको, उचलायला नको.

"चांगले आहे," मी म्हणालो. एवढे मी सहसा म्हणत नाही.

प्रल्हाद हसला नाही. "हे शेवटचं, काका. आधीची दोन स्टोअरनं परत केली. हे गेलं तर इथं बसतो. न्हाई गेलं तर पुण्याला जाऊन पुन्यांदा कंपनीत नोकरी धरतो. बॅग भरून ठेवलीय."

बॅग खरोखरच भिंतीला टेकून उभी होती. गल्लीत ही बातमी पसरली, आणि ज्या बायकांनी त्याच्या नावाने कच्चे वरण फेकले होते, त्याच आता फोन पुढे करून म्हणू लागल्या, "घाल बाबा यात. दोन आठवडे हात लावत न्हाई."

हात न लावण्यात अडचण होती. वापरणे आवश्यक होते. पण जायचे कुठे? लोक न्हाणीघरातून स्वयंपाकघरात आले तरी बटण दाबू लागले. प्रल्हादची एक मावशी पालमला राहते. ती इथे आली होती. तिने परतताना पूर्ण्याच्या बसस्टँडवरच बटण दाबले, बस फलाटाला लागण्यापूर्वी. तिकडे पालमला तिच्या सुनेच्या फोनवर "पोचले!" असा आवाज झाला, आणि सुनेने दार उघडून पाहिले तर अंगणात कोणी नाही.

प्रल्हादने फोन करून विचारले तेव्हा मावशी म्हणाली, "अरे, उतरायच्या गडबडीत ध्यानात ऱ्हात न्हाई. म्हून आधीच दाबलं."

माझी तक्रार वेगळी होती. रोज संध्याकाळी, मी ओट्यावर बसून कोणत्यातरी कार्यालयास पत्र लिहीत असता, माझा फोन प्रल्हादच्या आवाजात ओरडे, "पोचलो!" पहिल्या दिवशी शाई सांडली. दुसऱ्या दिवशी मी समोर पाहिले. तो गिरणी बंद करून जिना चढून आपल्या खोलीत गेला होता. एवढाच त्याचा प्रवास. खालून वर.

"पोचायचे काय त्यात?" मी गल्लीतूनच ओरडलो. "वाटेत दरोडेखोर असतात का जिन्यावर?"

"टेस्टिंग करायलोय, काका!"

"मग दुसऱ्या कोणाचे नाव घाल! माझेच का?"

"अपडेट येईल!" असे म्हणून त्याने खिडकी लावली.

अपडेट आले नाही. सलग पाच-सहा संध्याकाळी तोच प्रकार झाल्यावर मी रीतसर नोटीस लिहिली. चाचणीतील माझा सहभाग कायम राहील, परंतु आपल्या आगमनाची वर्दी घेण्यास मी कोणत्याही कायद्याने बांधील नाही, सबब माझे नाव तत्काळ वगळावे, असा मजकूर होता. सौभाग्यवती पाहत होत्या.

"त्याला घरात दुसरं कोण हाय? म्हून तो तुमाला सांगायलाय," त्या म्हणाल्या.

"तो मुद्दा नोटिशीत येत नाही."

"येणार कसा? तुमच्या नोटिशीत माणसं कुठं येतात!"

नोटीस मी स्वतः नेऊन दिली. प्रल्हादने ती उभ्याने वाचली, घडी घातली आणि म्हणाला, "बरोबर हाय, काका. काढतो."

त्या संध्याकाळी फोन गप्प होता. मी पत्र लिहायला घेतले. विषय घातला, संदर्भ घातला, आणि 'महोदय' लिहून थांबलो. समोर गिरणीत दिवा दिसत होता. तो रोज या वेळी बंद होई. मी फोन उचलून आवाज वाढवला. तो मोठाच होता.

"बिघडला का तुमचा फोन?" आतून प्रश्न आला.

"नाही. पाहतोय."

"मग जाऊन या की. चपला दारातच हायत."

गिरणीचे दार लोटलेले होते. आत प्रल्हाद संगणकासमोर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता. मला भलतीच शंका आली होती, ती त्याला हलताना पाहून गेली, आणि तिच्या जागी लगेच राग आला.

"दिवा का चालू आहे? वर का गेला नाहीस? माणसाने वेळेवर आपल्या खोलीत पोचू नये?"

"नोटीस पाळली, काका," तो म्हणाला. "नाव काढलं. आता ॲप उघडत न्हाई. नावाचा रकाना रिकामा सोडला की पुढं जाऊ देत न्हाई."

"नियम तुझाच ना? बदल."

"बदलता येतंय. पण मग 'पोचलो' म्हणायचं कुणाला? भिंतीला?"

मी स्टूल ओढून बसलो. पडद्यावर स्टोअरचा अर्ज उघडा होता. दोन आठवडे त्या दिवशी भरले होते, एकाही माणसाने दगा दिला नव्हता, आणि अर्ज अजून गेला नव्हता. स्टोअरने विचारले होते, हे ॲप कोणासाठी आहे? खाली जागा कोरी होती.

"इथं अडकलोय," प्रल्हाद म्हणाला. "आईसाठी, असं लिहिलं. मग खोडलं."

त्याची आई मी पाहिली होती. उंबऱ्यात बसून असे. गल्लीतला शेवटचा माणूस घरी आल्याशिवाय दार लावीत नसे. पण पुढचे मला ठाऊक नव्हते.

"पुण्याला होतो, तवा रोज खोलीवर पोचलो की तिला फोन लावायचो. तिला हिरवं कुठलं अन् लाल कुठलं ते कळंना. उचलायला जायची अन् कट करायची. चार-चार वेळा. मग मला वाटायचं ती रागावलीय, अन् तिला वाटायचं मी ठेवलो. दोन बटनं होती ना, काका. तिच्यासाठी एका बटनाचं करायला बसलो. होईपर्यंत ती ऱ्हायली न्हाई. मग रकान्यात तुमचं नाव टाकलो. तुमी रोज ओट्यावर असता. अन् कुणी आलं-गेलं तर तुमालाच कळतंय, तुमी अर्ज करता की लगेच."

मी चष्मा पुसला. त्या गिरणीत पिठाची धूळ अजून फार आहे.

"जागा कोरी ठेवून अर्ज पाठवणे गैर आहे," मी म्हणालो. "लिहून घे. 'ज्यांची कोणीतरी वाट पाहते, अशा सर्व इसमांसाठी.'"

त्याने लिहिले. "इसम ठेवू?"

"इसमच ठेव. त्यात सगळे येतात. आणि माझी नोटीस तांत्रिक कारणास्तव मागे घेतली आहे. त्याचा लेखी हुकूम उद्या मिळेल. आज तोंडी समज."

प्रल्हादने ॲपच्या रकान्यात पुन्हा माझे नाव भरले, मग अर्जाचे बटण दाबले. ते एकच होते.

काही दिवसांनी ॲप स्टोअरवर आले. गल्लीत पेढे वाटले गेले, आणि पालमच्या मावशीने ते खायला निघताना बस सुटण्यापूर्वीच बटण दाबले. प्रल्हादची बॅग माळ्यावर गेली. मला इतके हलके वाटले, की त्या दिवशी मी नगरपालिकेस लिहिलेले पत्र पाठवलेच नाही.

संध्याकाळी फोन अजूनही ओरडतो. या ॲपमध्ये उत्तर देण्याची सोय नाही. हा गंभीर दोष मी लेखी कळविला आहे आणि अपडेट येणार आहे. तोवर मी ओट्यावरून वर पाहून मोठ्याने म्हणतो, "ऐकलं रे, ऐकलं! बहिरा नाही मी!"

मग तो खिडकी लावतो. त्यानंतर मी दार लावतो.