जोडून बोलणारे कसबे सर

कसबे सरांनी कधी कुणाची नुसत्या नावानं ओळख करून दिली नाही. नावामागं शेपूट हवंच, आणि तेही इंग्रजीत. माझा जावई लग्नानंतर पहिल्यांदा भिंगारला आला, तेव्हा सर आमच्या ओट्यावर चहा पीत बसले होते. मी म्हणालो, "सर, हे आमचे जावई." सर उठले, जावयाचा हात हातात घेतला, माझ्याकडं बोट केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "धिस इज नामदेवराव, हू कॅनॉट बी टॉट!"

जावई हसला. तो शिकलेला, त्याला कळलं. मला कळलं नाही, म्हणून मी त्याच्यापेक्षा जास्त हसलो. जेवताना लेकीनं अर्थ सांगितला. "हे नामदेवराव, ज्यांना काही शिकवता येत नाही." घास तोंडापर्यंत आला होता, तो परत ताटात गेला.

मी चौथीपर्यंत शिकलो. पण लष्कराच्या मेसमध्ये उभी नोकरी आचारी म्हणून काढली. मोठमोठे साहेब माझ्या हातचा खिमा खाऊन 'व्हेरी गुड' म्हणत. मी 'थँक्यू सर' म्हणायचो. एवढ्या इंग्रजीवर पेन्शन मिळाली. त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच सरांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"सर, मला शिकवता येत न्हाई?"

"बसा."

"बसायला न्हाई आलो. जावयासमोर आब्रू काढली तुमी."

"नामदेवराव, मी 'कॅनॉट' म्हटलं. 'मस्ट नॉट' म्हटलं नाही, 'शुड नॉट' म्हटलं नाही. रागवायचं तर नीट समजून रागवा. आधी बसा."

शेवटी बसलो. मग सरांनी जे सांगितलं ते मला आजही पाठ आहे, म्हणजे मला शिकवता येत नाही हे खोटंच. ते म्हणाले, "ऊस वाहणारा ट्रॅक्टर बघता ना? मागं ट्रॉली. ट्रॅक्टर म्हणजे माणूस. ट्रॉली त्याला कशानं जोडतात? पिनेनं. 'हू' ही पिन. आता ट्रॉलीत माल काय भरला? 'कॅन' म्हणजे अंगातला जोर. 'मे' म्हणजे मोकळीक, आला तर आला. 'शुड' म्हणजे आईचं सांगणं. आणि 'मस्ट' म्हणजे बायकोचं."

"आन पिन निघाली तर?"

"मग माणूस पुढं जातो आणि ट्रॉली रस्त्यात राहते," सर म्हणाले, आणि उगीच चष्मा पुसत बसले.

साऱ्या जन्मात सरांनी शाळेत एकच गोष्ट मनापासून शिकवली. दोन वाक्यं द्यायची, पोरांनी त्याचं एक करायचं. रिटायर झाल्यावर पोरं राहिली नाहीत, म्हणून त्यांनी गल्ली घेतली. दूधवाल्याला ते म्हणत, "हू शुड कम ॲट सिक्स, बट मे कम ॲट नाईन." शेखभाईंच्या शेळीला माणसाची पिन चालत नाही म्हणे, तिला 'विच' लावायचे. "विच मस्ट नॉट बी ट्रस्टेड." शेळीनं त्यांची वाळत घातलेली बंडी चघळली होती. शेखभाई म्हणाले, "सर, बकरी को भी नहीं छोडा?" सर म्हणाले, "तिनं मला कुठं सोडलं?"

भाजीवाल्या हौसाबाईनं तर मागून वाक्य घेतलं. "सर, मला बी एक लावा. पर त्या दूधवाल्यागत नको, चांगलं लावा." सरांनी हातातली पिशवी खाली ठेवली. म्हणाले, "हौसाबाई, हू कुड हॅव बीन अ कलेक्टर." कलेक्टर शब्द तिला कळला. तिनं खूश होऊन सरांच्या पिशवीत कोथिंबिरीची जुडी टाकली. मग तिला शंका आली.

"म्हंजी मी हाय कलेक्टर?"

"होऊ शकली असतीस."

"म्हंजी झाले न्हाई."

"'हॅव' लागलं की गाडी निघून गेलेली असते, बाई."

हौसाबाईनं पिशवीत हात घातला आणि जुडी परत घेतली. "हे मला ठावं हुतं की. त्याला इंग्रजी कशाला?" असं म्हणून टोपली उचलून गेली. सर त्या दिवशी जेवले नाहीत. मीच संध्याकाळी भाजी-भाकरी नेऊन दिली.

सरांच्या घरात ते एकटेच. त्यांच्या पत्नी मार्थाबाई दवाखान्यात नर्स होत्या, त्यांना जाऊन काही वर्षं झाली. मुलगा अनिल सुप्याला कारखान्यात, बिऱ्हाडही तिकडंच. दर रविवारी सर त्यांच्या ख्रिस्ती देवळातून थेट घरी यायचे नाहीत. कुठं जातात म्हणून मी कधी विचारलं नाही. माझा स्वभाव नाही तो.

गेल्या वर्षी त्यांचा गुडघा बिघडला. ईस्टरच्या आधी या लोकांत कबरी साफ करून चुना देतात. सर माझ्याकडं आले. "नामदेवराव, चुन्याची बादली उचलायला याल?" उचलायला म्हटल्यावर मी गेलो.

मार्थाबाईंच्या कबरीवर काळा दगड आहे. वर नाव कोरलेलं. खाली चांगला हातभर भाग घासून गुळगुळीत केलेला आणि मोकळाच. तिथं एक ओळ येणार होती. पाथरवट सरांना बाजारात दिसला की विचारायचा, "सर, ओळ ठरली का?" सर म्हणायचे, "विचार चालू आहे." साऱ्या भिंगारला वाटायचं, एवढा जोडण्यात हुशार माणूस आणि बायकोसाठी एक वाक्य जोडता येईना.

मी चौथऱ्याला चुना द्यायला लागलो. सरांनी खिशातून खडू काढला आणि त्या मोकळ्या जागेवर इंग्रजीत एक ओळ लिहिली. सुंदर, फळ्यावर लिहावी तशी.

"काय लिवलं, सर?"

"मार्था, जिनं आजची आमटी चाखायला हवी होती."

"चांगली झालती?"

"खारट झाली. म्हणूनच."

रविवारी सर कुठं जातात ते मला तिथं कळलं. "आन मागल्या रविवारी काय लिवलं हुतं?"

"मार्था, जी हसली असती." त्यांनी बोटांवरची खडूची पूड झटकली. "हौसाबाईनं जुडी परत नेली, ते सांगायचं होतं."

वारा येतो, दव पडतं, ओळ पुसते. पुढल्या रविवारी दगड कोरा. मी हातातला कुंचला बादलीत ठेवला. "मग कोरून का घेत न्हाई एकदाची?"

"फळ्यावर कधी कुणी कोरलंय का, नामदेवराव?"

तेवढ्यात फाटकातून अनिल आला, बरोबर पाथरवट, त्याच्या हातात छिन्नी-हातोडा. अनिल म्हणाला, "पप्पा, ईस्टरला पाहुणे येणार. दगड बोडका दिसतो. 'शांतीने विसावा' एवढं आज टाकून घेऊ. तुमचं काही ठरत नाही."

वर्गात पोरांवर ओरडणारा माणूस, खडू मुठीत धरून नुसता उभा राहिला. खडू मोडल्याचा आवाज मला आला.

मी जाऊन दगडाला पाठ लावून बसलो.

"नामदेवकाका, उठा."

"चुना ओला हाय. कुणी हात लावायचा न्हाई."

"काका, हा आमच्या घरचा विषय आहे."

"असंल. तुज्या बापाला विचार, मला शिकवता येत न्हाई."

पाथरवट हसायला लागला. अनिल मला उठवायला वाकला आणि माझ्या खांद्यावरून त्याला ती ओळ दिसली. सरांचाच विद्यार्थी तो, वाचायला वेळ लागला नाही. तो तसाच वाकलेला राहिला. मग सरळ झाला आणि पाथरवटाला म्हणाला, "मामा, तुम्ही जा. काम नाही आज."

अनिल आणि पाथरवट दोघं गेल्यावर मी उठलो, तर ओळ निम्मी माझ्या सदऱ्याला लागलेली. सरांनी उरलेली हातानं पुसली आणि मोडक्या खडूनं नवीन लिहिली. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण लिहिताना ते मोठ्यानं म्हणत होते. "मार्था, धिस इज नामदेवराव, हू कॅनॉट बी टॉट."

ओळख करून देत होते. मी टोपी काढून हात जोडले. या वेळी राग आला नाही.

पावसाळ्यानंतर सरांना जिना उतरवेना. अनिल त्यांना सुप्याला घेऊन गेला. टेम्पोत बसताना त्यांनी खडूचं खोकं माझ्या हातात दिलं. त्यांच्या घराला आता कुलूप आहे. ओट्यावर चहाचे दोन कप ठेवायची माझी सवय अजून गेलेली नाही. दूधवाला अजून नऊला येतो, त्याला कुणी काही म्हणत नाही.

रविवारी मी जातो. ओल्या फडक्यानं दगड पुसतो आणि चौथीच्या अक्षरात मराठीत लिहितो. गेल्या रविवारी लिहिलं, 'सर सुप्याला आहेत. सर नीट जेवत नाहीत.'

दोन वाक्यं झाली. जोडायचं काम माझं नाही, ते सर आले की बघतील. मी दोन्हींच्या मधे पिनेपुरती जागा सोडली आहे.