वासूभाऊंची खासगी नोंदणी

आमचे शेजारी वासूभाऊ कुजबुजतात. भाजीवाल्याला वांग्याचा भाव विचारतानाही ते आधी डावी-उजवीकडे बघतात, मग ठेल्यावर वाकतात आणि अशा काही आवाजात विचारतात, की तोही घाबरून भाव त्यांच्या कानात सांगतो. सारी नोकरी वीज खात्यात गेली, तिथं लपवण्यासारखं काही नव्हतं, असं ते स्वतःच म्हणतात. अर्थात, कुजबुजत.

मी नागपुरातल्या या गल्लीत राहायला आलो, त्या हिवाळ्यात एका सकाळी आमच्या सामायिक भिंतीवर त्यांचं डोकं उगवलं. "मोबाईलवर एक लिंक पाठवली तुले. आपल्यापुरतंच ठेव गा." आणि डोकं मावळलं.

लिंक रोडग्यांची होती. वासूभाऊंच्या पत्नी कुंदाताई मागच्या अंगणात गोवऱ्या पेटवून कणकेचे थराथराचे गोळे निखाऱ्यात भाजतात, तुपात बुडवतात आणि झणझणीत वांग्याच्या भाजीबरोबर गल्लीला जेवू घालतात. अशा पंगतीला आमच्याकडे कोणी वेबसाइट काढत नाही, भिंतीवरून हाक मारतात. पण रिटायर झाल्यावर वासूभाऊ सदर भागातल्या एका क्लासात जाऊन वेबसाइट बनवायला शिकले होते आणि ती आता कशाची तरी असायलाच हवी होती. तिच्यावर भाजलेल्या रोडग्यांचे फोटो होते, नियम होते (ताट-वाटी आपापली आणावी), आणि वर ठळक अक्षरात किती जणांनी नाव घातलं तो आकडा होता. नोंदणी रविवारी सकाळी उघडणार होती. मला मिळाली ती 'खासगी पूर्वनोंदणी', शनिवारचीच.

मी भलताच सुखावलो. गल्लीत सगळ्यात नवा मी, आणि निवड माझी! माझ्याबरोबर बायकोचंही नाव मी परस्पर घातलं आणि लिंकचं तिलाही सांगितलं नाही.

रविवारी पान उघडलं तेव्हा जागा संपलेल्या होत्या. संध्याकाळी देवळासमोर चार माणसं जमली असताना वानखेडे सरांनी विषय काढला. सर निवृत्त हेडमास्तर, आवाज अजून शाळेच्या मैदानाचा. सगळ्यांसाठी उघडायच्या आधीच जागा भरतात कशा, आतून कोणाकोणाले लिंक मिळून राहिली, हे समजलंच पाहिजे, असं ते म्हणाले. मी चपलेकडे बघितलं. बाकीचेही आपापल्या चपलांकडेच बघत होते.

पंगतीच्या दिवशी ताट घेऊन अंगणात शिरलो, तर पहिल्याच पाटावर वानखेडे सर.

"मी वाढायले आलो," ते म्हणाले. मांडीवर स्वतःचं ताट होतं. त्यांच्यापुढे अख्खी गल्ली बसली होती. कोणी कोणाला काही विचारलं नाही. रोडगे मात्र असे होते, की विचारायला तोंड मोकळं नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी मी वासूभाऊंना भिंतीपाशी गाठलं. सगळ्यांनाच गुपचूप लिंक द्यायची, तर मग सरळ सगळ्यांना का बोलवत नाही?

त्यांनी घराकडे बघितलं. आदल्या वर्षी सरळच बोलावलं होतं, म्हणाले. मुलगी बंगलोरला गेली, कुंदाताईंची शाळेतली नोकरी संपली, घरात दोघांपुरता स्वयंपाक उरला. तेव्हा ही पंगतीची कल्पना निघाली. रविवारी नोंदणी उघडली आणि कुंदाताई मोबाईल समोर ठेवून बसल्या. पान गल्लीत सगळ्यांनी उघडलं, पण आधी दुसरा कोणी नाव घालतो का, याची प्रत्येक जण वाट बघत राहिला. दुपार झाली तरी आकडा शून्यच. मग त्यांनी मोबाईल पालथा ठेवला, लोकांले आता असलं कुठं आवडते, म्हणाल्या आणि अंगणातल्या गोवऱ्या उचलून परत कोठीत रचल्या.

"वेबसाइट मीच केली ना गा," वासूभाऊ म्हणाले. "ते शून्य मीच दाखवलं तिले."

मग लोकांना हे सांगायचं होतं, मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर दया म्हणून आले असते. गुपचूप बोलावलं की माणूस पळत येते."

पुढच्या पंगतीची नोंदणी उघडायची त्या रविवारी मी शिडी मागायला त्यांच्याकडे गेलो होतो. कुंदाताईंनी पदरानं चष्मा पुसला, मोबाईल हातात घेतला आणि पान उघडलं.

"अहो, उघडलं नाही तोच भरलं."

वासूभाऊंनी पेपरातून मान वर केली नाही. "काहून? इतक्या लवकर?"

"मले काय माहीत." त्या हसत होत्या. "आता कणीक जास्त भिजवा लागते." पदर खोचून त्या आत गेल्या.

आतून फळीवरची मोठी परात खाली काढल्याचा आवाज आला. वासूभाऊंनी तो नीट ऐकून घेतला आणि मगच पेपराचं पान उलटलं.