अप्पांचे पाच बोअर

इतरांची पुस्तके शिकवण्यात ज्याची तीस वर्षे गेली, त्याने निवृत्तीनंतर स्वतः लिहायला बसावे, हा आगाऊपणाच आहे. तो माझ्या हातून घडतो आहे, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण माझाही नाइलाज आहे. माझ्या शेजारी शिवराजअप्पा राहतात.

गेल्या श्रावणात अप्पा आमच्या घरी सत्यनारायणाच्या प्रसादाला आले. निघताना दिलेला नारळ त्यांनी पिशवीत टाकला नाही. तो तळहातावर आडवा ठेवून ते अर्धवट डोळे मिटून दिवाणखान्यात फिरू लागले. आमच्या लातूरकडे जमिनीखालचे पाणी शोधणारे पाणाडे असे करतात. खाली पाणी असेल तिथे नारळ उभा राहतो, अशी समजूत आहे. अप्पांचा नारळ आमच्या सोफ्यापाशी उभा राहिला. सोफ्यावर माझ्या सासूबाई बसल्या होत्या.

"सर, म्हातारीच्या खाली लई पाणी हाय," अप्पा गंभीरपणे म्हणाले. "उठवा जरा."

सासूबाई उठल्या नाहीत. त्या वर्षभरात पुन्हा आल्याही नाहीत, हा या प्रकरणातला एकमेव लाभ.

अप्पांचे बाजारात भांड्यांचे दुकान आहे. घरात ते आणि त्यांच्या पत्नी, अशी दोनच माणसे. तीस बाय चाळीसच्या त्या जागेत त्यांनी तोवर चार बोअर घेतले होते. त्यांच्या अंगणात पाऊल जपून टाकावे लागते. कुठे केसिंगचा पाइप, कुठे केबल, कुठे फरशीने झाकलेले भोक. इतकी छिद्रे आमच्या घरच्या चाळणीलाही नाहीत.

बोअर कोरडे गेले असते तर मी समजून घेतले असते. पण पहिल्याच बोअरला दोन इंच पाणी लागले होते. आमच्याकडे पाणी इंचात मोजतात, आणि दोन इंच म्हणजे दोन माणसांनी दिवसातून चार वेळा आंघोळ करावी इतकी चैन. अप्पा आठ दिवस सुखात होते. नवव्या दिवशी मागच्या गल्लीतल्या गायकवाडसाहेबांना अडीच इंच लागल्याची बातमी आली आणि अप्पांचे दोन इंच त्याच संध्याकाळी त्यांना दीड वाटू लागले. महिन्याभरात बोअरची गाडी पुन्हा दारात.

ही गाडी चालू झाली की गल्लीभर पांढरा धुरळा बसतो. वाळत घातलेल्या कपड्यांवर, तुळशीवर, पोह्यांवर. मी एकदा धीर करून म्हणालो, "अप्पा, आता तरी पुरे ना?"

"हाय, सर," अप्पा म्हणाले, "पर पुरंल का?"

हे त्यांचे ठरलेले वाक्य. चहात साखर आहे का विचारा. हाय, पर पुरंल का? लग्नात बुंदीचा डोंगर दिसला, की तेच. एकदा त्यांनी ते दवाखान्यात सलाईनच्या बाटलीकडे पाहून म्हटले. मी वर्गात अर्थशास्त्र शिकवायचो. मानवी गरजा अमर्याद असतात, हा आमचा पहिला धडा. तो धडा धोतर नेसून शेजारच्या ओट्यावर बसलेला मी रोज पाहत होतो, आणि खरे सांगतो, त्या माणसाची मला किळस येत असे. आमच्या एकुलत्या बोअरचे दीड इंच मला पुरेसे होते. याचा मला अभिमान होता.

यंदा एप्रिलमध्ये अप्पांनी पाचवा बोअर घेतला, साडेसातशे फूट. त्यानंतर दहाव्या दिवशी आमची मोटर नुसती हवा ओढू लागली.

मी अप्पांना एक कडक पत्र लिहिले, मनातल्या मनात. तिथेच ते टपालात टाकले. दोन दिवस आम्ही जारच्या पाण्यावर काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरून हिरवी नळी आत आली आणि पाठोपाठ अप्पांचे डोके वर आले. ते स्टुलावर उभे होते.

"सर, खालच्या टाकीचं झाकण उघडा. पाणी सोडायलोय."

"राहू द्या, अप्पा. तुम्हाला पुरायला हवे."

"आम्ही दोन माणसं, सर. कितीक लागतंय आम्हाला."

पाणी पडू लागले होते. मी न राहवून विचारले, "मग पाच बोअर कशाला?"

अप्पांनी भिंतीवरची नळी जरा पुढे सरकवली. "ललिताला फोन करायला. दर उन्हाळ्याला करतो. म्हणतो, बाई, औंदा इतके इंच लागलं, पोरीला घेऊन ये. तर ती म्हणती, 'हाय अप्पा, पर पुरंल का?'"

ललिता त्यांची एकुलती लेक, नांदेडला दिलेली. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आले, त्या उन्हाळ्यात ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. अप्पांकडे तेव्हा एकही बोअर नव्हता. एका सकाळी ते दुकानातल्या दोन कोऱ्या घागरी घेऊन माझ्या दारात उभे राहिले. बाळाच्या आंघोळीपुरते पाणी हवे होते.

मी म्हणालो, "मोटर बिघडली आहे, अप्पा."

मी हे बोलत असतानाच आमच्या गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली. तो आवाज दोघांनीही ऐकला. "बरं, सर," म्हणून अप्पा रिकाम्या घागरी घेऊन गेले. चार दिवसांनी ललिता बाळाला घेऊन सासरी परतली. दिवाळीला येते. उन्हाळ्यात आजवर आलेली नाही.

मी झाकण धरून उभा होतो. एवढ्यात टाकी भरली आणि पाणी काठावरून अंगणात पडू लागले.

"भरली वाटतं, सर," अप्पा म्हणाले, आणि नळी गुंडाळत स्टुलावरून उतरले.

वाचकहो, त्या दिवशी माझी टाकी काठोकाठ भरलेली होती. मग ते पाणी मला पुरेसे का वाटले नाही?