जपानच्या लेकीला मुराळी

आईची शेवटची भेट मला घडली ती बाबूतात्यांमुळे. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल, हा माणूस येडा आहे. इंदापुरात तसं सगळ्यांनाच वाटतं.

जपाननं आमच्या इंदापूरला एक पुतळा भेट दिलाय. चौकात मान खाली घालून बसलेली ब्राँझची मुलगी. तिच्या कट्ट्याशी बसून मी पेरू विकते. सकाळी तात्या येतात, तिचं तोंड धुतात, उन्हाळ्यात आपलं उपरणं तिच्या डोक्यावर टाकतात आणि स्वतः बोडक्यानं उन्हात बसतात. ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला की ओरडतात, "अरं, पोरीच्या कानाशी बोंबलतूस व्हय?"

"तात्या, पुतळा हाय त्यो," ट्रकवाला हसतो.

"पुतळा तुझा बा! ही सासुरवाशीण हाय. एवढ्या लांब दिली, माघारी बघाया कोण आलं का?"

पंचमीला लेकीला माहेरी न्यायला येतो तो मुराळी. हिला मुराळी येत नाही, हेच तात्यांचं दुखणं. एकदा बारामतीच्या एमआयडीसीत आलेले दोन जपानी साहेब चौकात उतरले. तात्या तांब्या घेऊन धावले आणि पाव्हण्यांच्या पायांवर पाणी ओतलं, बुटांसकट.

"लई वाट बघाया लावली की!"

साहेब वाकून वाकून हसले, फोटो काढला आणि ओल्या बुटांनी गाडीत बसले.  संध्याकाळी तात्या म्हणाले, "नुसता फोटू घिऊन गेली गं."

मी आठवीतून शाळा सोडलेली, लग्न होऊन पार किनवटहून इथं आलेली. वडील नाहीत, भाऊ नाही. यंदा आषाढात फोन आला, आईनं अंथरूण धरलंय. सासूबाई म्हणाल्या, "न्यायाला कोण आलं तर जा. आपणहून सून धाडायची आमच्यात रीत न्हाय." कोण येणार? पेरू तोलताना माझं वजन चुकायला लागलं. तात्यांनी विचारलं, मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तात्या आमच्या दारात. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका.

"मी हिचा चुलता. पंचमीला न्यायाला आलोय."

"पंचमीला अजून लई दिस हायत," सासूबाई म्हणाल्या.

"माहेर लांब हाय, आक्का. लवकर निघाया नगं?"

सासूबाईंनी त्यांना चौकात पुतळ्याचं तोंड धुताना कितीदा पाहिलेलं.  तरी आत जाऊन त्यांनी पाय धुवायला पाणी आणलं.

एसटीत तात्या खिडकीशी बसले. सोलापूर मागं पडलं. मग बाहेर बघतच म्हणाले, "मला बहीण न्हाय, लेक न्हाय. मुराळी म्हणून कुणाच्या दारात जायाचं राहूनच गेलतं."

आईनं मला ओळखलं. तात्यांना पडल्या पडल्या हात जोडले. श्रावण लागला आणि ती गेली.

तात्या एकटेच राहतात. परवा खोकत भिंत धरून उभे होते. ते अंथरुणाला खिळले तर मला निरोप द्यायला त्यांच्या घरी कुणी नाही. मी निरोपाची वाट बघणार नाही. पाणी तापवायला, उशाशी बसायला आपण होऊन जाईन. सासूबाईंना काय सांगायचं, अजून सुचलेलं नाही. पण जाईन.